पटाशीची धार

गोदावरीचा घाट पाहिला आणि महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवलेल्या सचखंड गुरुद्वारात माथा टेकला, की नांदेड झाले, असे आपण समजतो. मीही तसेच समजत होतो. पण लातूरच्या एस. टी.ला अवकाश होता, म्हणून एका निवृत्त चित्रकला-शिक्षकांकडे चहाला गेलो.

त्यांच्या भिंतीवर ना किल्ला, ना देऊळ. जलरंगात रंगवलेली नुसती हत्यारे! रंधा, करवत, खुरपे, चांभाराची रापी. मुठीवर घामाने चढलेला काळेपणा, करवतीच्या दात्यांत अडकलेला भुसा, सारे जसेच्या तसे. मनात म्हटले, एलिमेंटरी परीक्षेतले वस्तुचित्र ते हेच. यात पाहायचे काय?

गुरुजींनी माझा चेहरा वाचला असावा. त्यांनी पटाशीची दोन चित्रे पुढे ठेवली. "वडील सुतारकी करायचे. हे पहिलं पाहून म्हणाले, 'ही पटाशी चिखलात बी शिरायची नाही. धार कुठं हाय?'"

खरेच होते. पात्यावरचा करडा रंग थेट कडेपर्यंत गेला होता. जलरंगात पांढरे म्हणजे कोरा कागद. त्यावर एकदा रंग बसला, की गेलेला उजेड सहसा परत येत नाही. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांची हाताआड ज्योत धरलेली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तिच्या तोंडावरचा उजेडही जलरंगाचाच. दुसऱ्या चित्रात गुरुजींनी कडेला केसाएवढी रेघ कोरी सोडली होती. बोट लावायची भीती वाटावी, अशी धार!

"मग वडील काय म्हणाले?"

"काही नाही. पोरांच्या हाताला लागेल म्हणून चित्र फळीवर उंच ठेवून दिलं." गुरुजी थोडे थांबले. "आता वडील नाहीत. पटाशीही गंजली."

लोहा, अहमदपूर, चाकूर मागे पडले. डोळ्यांपुढची ती पांढरी रेघ मात्र हलेना. लातुरात गंजगोलाईत एका लोखंडी सामानाच्या दुकानापुढे पाय थबकले. खुरप्यांच्या ढिगावर तिरपे ऊन पडले होते आणि प्रत्येक पात्याच्या कडेला तीच रेघ होती. इतकी वर्षे ती मला दिसली कशी नाही?

मला शेत नाही, अंगण नाही. तरी एक खुरपे घेतले. कागदात गुंडाळून देताना दुकानदार म्हणाला, "जपून न्या साहेब, धार हाय."

म्हटले, "दिसली."