काटा लाल, इंजिन गार

रायपूरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना नवतपा म्हणजे काय हे सांगायला नको. मे महिन्याच्या अखेरीचे ते नऊ दिवस. पारा ४५ अंशांच्या आसपास आणि भर दुपारी जयस्तंभ चौकातही शुकशुकाट. अशा दिवसांत गाडीच्या तापमानाचा काटा जरा वर सरकला, की काळजाचा ठोका चुकतो. पण तो काटा सांगतो ते नेहमी खरेच असते का?

माझ्या काकू तात्यापाऱ्यात, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत राहतात. त्यांच्याकडे लाल रंगाची सॅन स्टॉर्म आहे. दोनच माणसांची ही छोटी स्पोर्ट्‌स कार सॅन मोटर्सने १९९८ मध्ये गोव्यात तयार केली. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचे १.२ लिटरचे इंजिन. फार थोड्या गाड्या बनल्या आणि उत्पादन बंद पडूनही बरीच वर्षे झाली. काकांनी ती हौसेने जुनी विकत घेतली होती. ते गेल्यावर घरात सगळ्यांनी गृहीत धरले, की आता गाडी जाणार. काकूंनी मात्र किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात तिचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले, मान हलवली आणि काकूंना सोडून माझ्याकडे पाहत म्हणाला, "हेड गास्केट गया है, इंजन खोलना पडेगा." खर्च चाळीस हजारांपुढे. पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, विकून टाक. या वयात कशाला हा ताप?"

काकू तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "विकायची तर मी विकेन. पण ती आजारी आहे हे आधी सिद्ध तर होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्यांनी मला अंगणात बोलावले. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन हाताला गार लागत होते. त्यांनी किल्ली फिरवली, पण इंजिन सुरू केले नाही. काटा टुणकन लालवर!

"अगं, न पेटवलेल्या चुलीवर पाणी उकळतं का कधी?"

मग त्यांनी डिपस्टिक काढली. तेल दुधाळ झालेले नव्हते. पाण्याची पातळी जिथल्या तिथे होती. गाडी चालू केल्यावर पांढरा धूरही नव्हता. गास्केट गेले असते, तर यातले काहीतरी बहुधा दिसले असते.

काट्याला बातमी पुरवतो तो इंजिनात बसवलेला छोटासा पितळी सेन्सर. पाणी तापते तसा त्याच्या आतला विद्युतरोध कमी होतो आणि काटा वर चढतो. सेन्सर आतून शॉर्ट झाला, की गार इंजिनही काट्याला उकळते वाटते. काकूंनी सेन्सरची तार काढली. काटा खाली आला. म्हणजे तार धड होती, खोट सेन्सरमध्येच होती. पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला शिकवले होते, की बातमी छापण्याआधी ती देणारा तपासावा. काकूंनी तेच केले.

नवा सेन्सर शोधायला दोन दिवस लागले. दिसायला सारखे सेन्सर पुष्कळ मिळतात, पण आटे आणि विद्युतरोध दोन्ही जुळावे लागतात. नाहीतर नवा काटा नव्याने खोटे बोलतो. बसवायला एक मेकॅनिक घरी आला. त्याने इंजिन पूर्ण गार असल्याची खात्री केली, बॅटरीची तार सोडली, थोडे कूलंट काढून घेतले आणि जुना सेन्सर पान्याने सोडवला. नवा बसवताना तो आट्यांवर पांढरी टेप गुंडाळू लागला, तेव्हा काकूंनी त्याला थांबवले. एका तारेच्या सेन्सरचे अर्थिंग आट्यांतूनच होते. टेपचा थर जाड झाला, तर तेच तुटायचे. शेवटी कूलंट भरून आतली हवा काढली. अर्ध्या तासात काम संपले. खर्च हजाराच्या आत.

यावरून लाल काट्याकडे सर्रास दुर्लक्ष करावे, असे मात्र कोणी समजू नये. चालत्या गाडीत काटा हळूहळू चढत गेला, तर ताबडतोब बाजूला थांबून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि उसळून चेहरा भाजतो. तपासणी करायची ती सगळे गार झाल्यावर.

मुलगा दिवाळीला आला, तेव्हा गाडी विकण्याचा विषय त्याने काढला नाही. काकूंनी त्याला शेजारच्या सीटवर बसवून तेलीबांधा तलावापर्यंत फिरवून आणले. घरी घेऊन आलेला तो मेकॅनिक आता अधूनमधून काकूंकडे येतो. एखाद्या जुन्या गाडीचे दुखणे कळेनासे झाले, की विचारतो, "माताजी, जरा देख लीजिए."