सजवायचं झाड आणि लावायचं झाड

परवा लंचला एक मित्र म्हणाला, "अरे, घर घेतलंय ना, तर यंदा मुळासकटचं ख्रिसमस ट्री आणतो. आधी हॉलमध्ये सजवायचं, मग मागच्या अंगणात लावून टाकायचं. एका दगडात दोन पक्षी!"

मी चमचा खाली ठेवला. कारण डिट्टो हीच आयडिया मी २०२१ च्या डिसेंबरात दिली होती. माझ्या चुलतभावाला. दोन्ही पक्षी उडाले.

तर झालं असं. दादा-वहिनींनी नॉर्थ कॅरोलायनात केरीला नवीन घर घेतलं होतं. पुतणी तीन वर्षांची. दादा म्हणाला, "पाईनचं झाड आणू, तू बघ जरा." इथेच पहिली गडबड. सुईसारखी पानं दिसली की आपण सगळ्यालाच पाईन म्हणतो. कोकणातल्या किनाऱ्यावरचं सुरू आणि पुण्यात नर्सरीवाला 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत देतो ते अरौकेरिया, दोन्ही पाईन नव्हेत. ओळखायची सोपी खूण म्हणजे खऱ्या पाईनच्या सुया जुडीने येतात. व्हाईट पाईनच्या पाच, इथल्या लॉबलॉलीच्या तीन, व्हर्जिनिया पाईनच्या दोन. एकेक सुटी आणि चपटी सुई असली तर फर. सुटी, पण बोटांत गोल फिरणारी असली तर स्प्रूस.

हे ज्ञान मला नंतर झालं. तेव्हा मी फक्त दिसणं बघितलं आणि फ्रेजर फर निवडलं. मस्त वास, सरळ फांद्या, तोडल्यावरही आठवडेच्या आठवडे सुया धरून ठेवतं. आम्ही अर्थात न तोडलेलं आणलं, मुळांचा गोळा गोणपाटात बांधलेलं. दोघांना उचलेना! पुतणीने त्याचं नाव ठेवलं बुटक्या. दर वाढदिवसाला तिची आणि बुटक्याची उंची बाजूबाजूला मोजायची, असं वहिनींनी जाहीर केलं.

बुटक्या ऑगस्टात मेला. आधी एक फांदी तांबूस झाली, मग महिन्याभरात सगळा.

दादा काही बोलला नाही. पुतणीने विचारलं, "काका, बुटक्या झोपलाय?" तेव्हा मात्र मला राहवेना आणि मी वाचायला बसलो. एकेक चूक सापडत गेली.

एक. फ्रेजर फरचं मूळ घर ॲपलाशियन डोंगरांत, साधारण साडेचार हजार फुटांच्या वर. कळसूबाईचं शिखर ५४०० फूट आहे, म्हणजे हिशोब करा. केरी पाचशे फुटांच्या आसपास, आणि उन्हाळा पस्तीस डिग्रीला टेकणारा. हापूसचं कलम काश्मिरात लावण्यासारखंच.

दोन. जिवंत झाड गरम हॉलमध्ये फार तर आठ-दहा दिवस ठेवावं, नाहीतर थंडीतली झोप मोडून ते फुटायला लागतं, आणि मग बाहेर नेलं की गारठतं. आम्ही तीन आठवडे ठेवलं. पाहुणे येत होते ना!

तीन. इथली माती लाल आणि चिकट. त्यात खोल खड्डा करून आम्ही पिशवीतली भुसभुशीत माती भरली. पाणी आत जातं, बाहेर निघत नाही. अंगणात रांजण पुरल्यासारखं झालं. साचलेल्या पाण्यात फरची मुळं कुजतात, आणि एकदा ती कीड शिरली की औषध नाही. खड्डा रुंद हवा, मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट. खोली मात्र गोळ्याइतकीच, आणि भरायची तीच माती.

थोडक्यात, हॉलमधलं झाड तीन आठवड्यांचं, अंगणातलं तीस वर्षांचं. पहिल्याला वास आणि रूप लागतं, दुसऱ्याला तिथली माती आणि ऊन सोसायची ताकद. दोन वेगळ्या रिक्वायरमेंट मी एका झाडावर लादल्या होत्या.

मग २०२२ मध्ये आम्ही नीट निवडलं. लॉबलॉली ऐंशी-नव्वद फूट जातं, बर्फाच्या वादळात फांद्या टाकतं, म्हणून घराजवळ नको. व्हाईट पाईन दिसायला गोड, पण उन्हाळा आणि चिकट माती दोन्ही त्याला सोसत नाहीत. व्हर्जिनिया पाईन वाईट मातीत जगतं, पण छाटलं नाही तर अस्ताव्यस्त. शेवटी ईस्टर्न रेड सीडार आणलं. नावात सीडार, जातीने ज्युनिपर, पाईन तर नाहीच! पण इथलंच, ऊन-माती-दुष्काळ सगळं सोसणारं. नोव्हेंबरात लावलं. हॉलसाठी शेतावर वाढवलेलं, तोडलेलं फ्रेजर फर आणलं. बुंध्याची इंचभर चकती कापून लगेच पाण्यात उभं केलं. पहिल्या दिवसात चारेक लिटर पाणी प्यायलं पठ्ठ्याने.

सीडार आता पुतणीपेक्षा उंच आहे. तिने त्याला नाव ठेवलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही तिला सांगितली नाही. त्या उन्हाळ्यात ती रोज संध्याकाळी तिच्या छोट्या बादलीने बुटक्याला पाणी घालायची. दादाही घालायचा, वहिनीही, आणि वीकएंडला गेलो की मीसुद्धा.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग काय करू?" म्हटलं, हॉलसाठी तोडलेलं आण. अंगणासाठी आधी शेजारपाजाऱ्यांकडे काय नीट वाढलंय ते बघून ये. आणि पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघ.