कडू पीठ



'एकटा जीव सदाशिव' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. एकट्या माणसाला काळजी कसली, मन मानेल तसे राहावे, असा तिचा अर्थ. ही म्हण ज्याने काढली, त्याच्यावर स्वतःपुरती भाकरी थापायची वेळ कधी आली नसावी. माझ्यावर आली. त्या भाकरीने मला जे शिकवले ते बी. एस्सी.च्या चार वर्षांत कोणी शिकवले नव्हते. म्हणून आज पिकांवरची कीड बाजूला ठेवून थोडे चुलीबद्दल बोलतो.

माझे गाव येवला तालुक्यातले. कोरडवाहू, बाजरीचा मुलूख. नोकरी कृषी विस्तार अधिकाऱ्याची. २०१७ च्या जूनपर्यंत घरात आम्ही पाच माणसे होतो : आई, मी, पत्नी आणि दोन मुले. वडील २०१५ साली वारले होते. त्या जूनमध्ये माझी बदली सुरगाण्याला झाली. मुलगी अकरावीला गेली, म्हणून पत्नी दोन्ही मुलांना घेऊन नाशिकला राहिली. आई म्हणाली, "गाय कोणाच्या जिवावर सोडू? मी कुठं यायची नाही." अशा रीतीने एकाच महिन्यात एका घराच्या तीन चुली झाल्या. दोन चुलींची आम्हाला काळजी होती. नाशिकला मुले होती, तिथे डबे वेळेवर लागत. सुरगाण्याला मी होतो, आणि पुरुषाला स्वयंपाक येत नाही म्हणून सगळे हळहळत होते. तिसऱ्या चुलीची काळजी कोणालाच वाटली नाही. आईला काय, जन्मभर रांधत आली आहे!

सुरगाण्याचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचे नाही. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. दिवसभर वाड्या-पाड्यांवर फिरायचे, भाताची रोपे, नागलीची लावणी पाहायची आणि अंधार पडता भिजून खोलीवर यायचे. पहिला महिना मी वडापाव, बिस्किटे आणि चहा यांवर काढला. दिवसा महिला बचत गटापुढे परसबाग आणि समतोल आहारावर बोलायचे आणि रात्री बिस्किटाचा पुडा फोडायचा. हसू नका, असे हाडाचे व्याख्याते तुमच्याही तालुक्यात असतील.

पत्नीने येताना बाजरीचे चार किलो पीठ बांधून दिले होते. तीन आठवड्यांनी एका रविवारी मोठ्या उत्साहाने ते काढले. तिला फोन लावून कानाशी धरला आणि परातीत पीठ घेतले. "अहो, पाणी उकळतं घ्या. कोमट नको. उलथन्याने कालवा, जरा वाफ मुरू द्या, मग तळहाताच्या टाचेने मळा," ती सांगत होती. बाजरीत गव्हासारखा चिकटपणा देणारे ग्लुटेन नसते. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण पहिली भाकरी तव्यापर्यंत गेलीच नाही, परातीतच तिचे तीन तुकडे झाले. चौथी कशीबशी उतरली. तिचा घास घेतला तर कडूजहर!

मी पत्नीला म्हणालो, "पिठात काही पडलं होतं काय?" ती हसली. "पडलं नाही, पडून राहिलं. बाजरीचं पीठ तीन आठवडे कोण ठेवतं?"

हेही मला पुस्तकातून ठाऊक असायला हवे होते. बाजरीत तेलाचा अंश सुमारे पाच टक्के असतो, म्हणजे गहू-ज्वारीपेक्षा पुष्कळच जास्त. दाणा अखंड असतो तोवर ते तेल सुरक्षित राहते. दळले की दाण्यातलीच विकरे त्या तेलाला फोडू लागतात. आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होते, पावसाळी हवेत त्याहूनही लवकर. म्हणून आपल्या आया-आज्या रोज पहाटे जात्यावर बसत. घरात दाणे ठेवावेत, पीठ ठेवू नये.

त्या दिवसापासून मी मन लावून शिकू लागलो. दोन किलो बाजरी घेऊन गिरणीत गेलो तर गिरणीवाला म्हणाला, "साहेब, एवढं तर माझ्या दगडांतच राहील." मग घरमालकीण आजींच्या दळणापाठोपाठ माझे दळण जाऊ लागले. नागलीची भाकरीही त्याच आजींनी शिकवली. आधणाच्या पाण्यात पीठ सोडून उकड काढायची आणि ती मळायची. या नागलीच्या शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, गहू-तांदूळ तिच्या आसपासही येत नाहीत. पुढे २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा मीही व्याख्याने दिली. पण तोवर माझ्या बोटांना चटके बसून झाले होते, म्हणून लोकांनी ऐकली असावीत.

ज्यांच्यावर एकटे राहायची वेळ आली आहे, मग तो शहरात शिकणारा मुलगा असो, बदलीवरचा नोकरदार असो की मागे उरलेला म्हातारा, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

भांडी लहान घ्या. दोन लिटरचा कुकर, एक लहान कढई आणि एक तवा पुरे. मोठ्या पातेल्यात एकट्याचे कालवण तळाला लागते आणि माणूस कंटाळतो. ज्या रात्री अंगात त्राण नसेल त्या रात्री अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, हळद, मीठ आणि तिप्पट-चौपट पाणी कुकरला लावावे. धान्यात जे पोषक द्रव्य कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते धान्यात. म्हणून नुसता भात किंवा नुसती भाकरी पोट भरते, अंगी लागत नाही. आठवड्यातून दोनदा मूठभर मटकी भिजवून मोड आणावेत. पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने भाजीतले लोह अंगात जास्त शोषले जाते. जेवणासोबत किंवा जेवणाबरोबरच लगोलग चहा घेऊ नये, तो नेमके उलटे काम करतो. आणि एकदाच रांधून दोन दिवस खायचे म्हणून भात रात्रभर उघड्यावर ठेवू नये. त्यात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. बेताचा शिजवावा. उरलाच तर लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर गाईला घालावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कुकरातून उभ्या-उभ्या खाऊ नका. ताट घ्या, वाढून घ्या, बसून जेवा.

ही शेवटची गोष्ट मला सुरगाण्यात कळली नाही. ती मला माझ्या घरी कळली. आता तेच सांगतो.

दर पंधरा-वीस दिवसांनी मी गावी जात असे. आदल्या दिवशी फोन करायचो. गेलो की भाकरी, भरल्या वांग्याचे कालवण, ठेचा, दही असे भरले ताट समोर यायचे. रोज रात्री फोनवर विचारायचो, "आई, जेवलीस का?" ती म्हणायची, "जेवले की रे." माझे समाधान होई.

त्या वर्षीच्या दिवाळीला मी न कळवता एक दिवस आधीच पोहोचलो. नवी बाजरी निघाली होती. वाटेकऱ्याने अंगणात ढीग घालून त्यावर ताडपत्री टाकली होती. आई गाय घेऊन पाण्याला गेली होती. मनात आले, आज आपणच भाकरी करून आईला वाढावी. जन्मात पहिल्यांदा तिला आयते ताट मिळेल. चूल पेटवली, आधण ठेवले, पिठाचा डबा काढला. पिठात बारीक जाळी धरली होती. चिमूटभर जिभेवर ठेवले, आणि हात तसाच थांबला.

कडू होते. माझे सुरगाण्यातले पीठ झाले होते तसेच, किंबहुना जास्तच.

दुसऱ्या कोणाला त्यात काही वाटले नसते. पण कडू पिठाचा अर्थ मी नुकताच शिकलो होतो. या घरात तीन आठवडे भाकरी झाली नव्हती. मी शेवटचा येऊन गेलो त्याला तितकेच दिवस झाले होते. फोन आला की आई दळण आणायची, मी जेवून गेलो की डबा बंद व्हायचा. फळीवर टोस्टचे दोन पुडे आणि साखर-पत्तीचे डबे होते. गाईचे दूध डेअरीला घालून उरलेल्याचा चहा, त्यात टोस्ट. अंगणात बाजरीची रास आणि राशीची धनीण चहा-टोस्टवर!

आई आली. मी काही बोलण्याआधी तिने उघडा डबा पाहिला. म्हणाली, "एकटीला काय लागतंय रे? तवा तापेपर्यंत भूकच मरून जाते."

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन ७.८ निघाले. बाईमाणसाचे बाराच्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्या केल्या, दुसरे काही निघाले नाही. त्यांनी विचारले, "आजी, दुपारी काय जेवता?" आईने डॉक्टरांकडे न पाहता माझ्याकडे पाहिले. परीक्षेत नापास झालेले पोर बापाकडे पाहते तसे. मान तिने खाली घालायची नव्हती, मी घालायची होती. दहा गावांच्या बायकांना आहार शिकवणारा माणूस मी.

रात्री पत्नीला सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांनी स्वतःसाठी कधी रांधलंय का? सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते त्या जेवल्या. मीही तेच करते. आता जेवणारंच कोणी नाही, तर उरणार काय?"

बंधूंनो, हे वाक्य माझ्या मनातून आजवर गेलेले नाही. आपण समजतो, स्वयंपाक येत नाही म्हणून एकटा माणूस उपाशी राहतो. मला येत नव्हता, चार महिन्यांत आला. आईला तर पन्नास वर्षे येत होता. तिच्याकडे धान्य होते, सरपण होते, हाताला चव होती. नव्हते ते एवढेच, की आपणही एक जेवणारे माणूस आहोत, आपल्यासाठीही तवा तापवावा, हा विचार. तो तिला कोणी शिकवलाच नव्हता. उलट तो नसणे म्हणजेच चांगली सून, चांगली आई, असे आपण सगळ्यांनी मिळून तिला शिकवले होते.

उपाय घरासमोरच निघाला. समोरच्या घरात आईची चुलत जाऊ राहते. तीही एकटीच. बांधावरून दोघींचा कित्येक वर्षांचा अबोला. पाडव्याच्या दिवशी पत्नी फराळाचे ताट घेऊन तिच्याकडे गेली आणि तिच्या फळीवरही तिला टोस्टचे पुडेच दिसले. फार बोलावे लागले नाही. तेव्हापासून भाकरी एकीच्या चुलीवर आणि कालवण दुसरीच्या, असे सुरू झाले. दुसऱ्यासाठी म्हटले की दोघींच्याही हातात बळ येई. बांधाचे भांडण मिटले नाही, जेवताना त्या ते रोज नव्याने भांडत. पण जेवत. गोळ्या आणि जेवण मिळून सहा महिन्यांत हिमोग्लोबिन अकराच्या घरात आले.

माझा फोनवरचा प्रश्नही मी बदलला. "जेवलीस का?" याला कोणतीही आई "जेवले" असेच उत्तर देते. मी विचारू लागलो, "आज काय केलं होतंस?" याला खोटे उत्तर देणे अवघड असते. सुरुवातीला ती अडखळायची. पुढे पुढे सविस्तर सांगू लागली : शेपूची भाजी, हुलग्याचं पिठलं, जावेने मीठ जास्त घातलं. मग तीही विचारायची, "आणि तू काय केलंस?" मलाही खरे सांगायचे असायचे, म्हणून मीही रोज काहीतरी करायचो. अशा रीतीने दोन एकट्या चुली एकमेकींच्या धाकाने पेटत राहिल्या.

२०२२ साली माझी बदली घराजवळ झाली. पुढच्या वर्षी आई गेली. वय झाले होते. पण जाण्याच्या आदल्या दिवशी तिने दोन घास का होईना, ताटात वाढून घेतलेली भाकरी खाल्ली होती. यापेक्षा मोठे समाधान मला नाही.

आज गावोगावी अशी घरे आहेत. मुले पुण्या-मुंबईला, नाशिकला आणि मागे एखादी आई किंवा एखादा बाप. कणगी भरलेली असते, पैसे वेळेवर पोहोचतात, फोनवर "जेवले" असे उत्तर मिळते. मुलाला भाकरी थापायला शिकवा, मुलीला स्वतःचे ताट आधी वाढून घ्यायला शिकवा. आणि पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एक करा. आधी कळवू नका. गेल्यावर पिठाचा डबा उघडा आणि चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून बघा.