साखर १५२

सुनेला सातवा लागला आणि लघवीत साखर निघाली. माझी झोपच उडाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणी लघवीत थोडी साखर उतरू शकते. खरं काय ते रक्त सांगेल."

७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं. मी बाकावर नवकार मोजत बसले. १४० च्या आत हवी होती; आली १५२. रात्री झोपण्यापूर्वी थोडं खायला सांगितलं.

पर्युषण तोंडावर. सून हळूच म्हणाली, "मम्मी, माझा चौविहार?"

माझ्या वेळी सासूबाईंना हे विचारायची हिंमत मला नव्हती. म्हटलं, "बेटा, आधी पोटातला जीव सांभाळ. व्रत पुढच्या वर्षी."

मैत्रिणींनो, रोज रात्री नऊला मीच तिला बिनसाखरेचं दूध देते. मनाला खटकत नाही.