उष्ण झऱ्यांचे नगर

युरोपच्या मध्यभागी असलेल्या चेक प्रजासत्ताकात, वनराजीने झाकलेल्या टेकड्यांच्या कुशीत, कार्लोवी वारी हे टुमदार नगर वसले आहे. ‘वारी’ हा शब्द कानी पडताच मराठी माणसाला पंढरीची आठवण व्हावी. परंतु चेक भाषेत त्याचा अर्थ आहे उष्ण झरे. राजा चौथा चार्ल्स याने १३७० साली या गावाला नगराचे अधिकार दिले आणि त्याचेच नाव गावाला लाभले. गावातून वाहणाऱ्या नदीचे नावही तेप्ला, म्हणजे ऊबदार!

भूगर्भात खोलवर मुरलेले पाणी तेथील उष्णतेने तापते, खडकांतील क्षार आपल्यात विरघळवून घेते आणि कार्बन डायऑक्साइड वायूच्या जोराने वर उसळते. येथील सर्वांत मोठ्या झऱ्याचे पाणी सुमारे ७३ अंश सेल्सिअस इतके कढत असून त्याचे कारंजे कधी कधी १२ मीटरपर्यंत उंच उडते. दर मिनिटाला सुमारे २,००० लिटर पाणी त्यातून बाहेर पडते.

झऱ्यांवर सुंदर स्तंभमंडप उभारलेले आहेत. १८८१ साली पूर्ण झालेल्या एका मंडपाला तर १२४ खांब आहेत! तेथे लोक चिनी मातीचे चपटे पेले घेऊन संथपणे फिरताना दिसतात. पेल्याची मूठ आतून पोकळ असते. तिच्यातूनच पाण्याचा घोट घ्यायचा. पाणी खारट आणि ऊन. ते घटाघटा पिणे शक्यच नसते. अठराव्या शतकात डॉक्टर डेव्हिड बेखर यांनी या पाण्याचे शास्त्रीय परीक्षण केले आणि झऱ्याकाठीच पाणी पिऊन फिरावयास जाण्याचा सल्ला रुग्णांना दिला. घोटाघोटाने पिणे, मोकळ्या हवेत चालणे आणि मन शांत ठेवणे ही शिस्त म्हणजे येथील उपचाराचा अर्धा भागच होय.

या पाण्याचा आणखी एक चमत्कार आहे. कागदाचे गुलाब त्यात काही दिवस ठेवले, की त्यांवर क्षारांचे थर चढून ते तांबूस दगडाचे बनतात. प्रवासी ते कौतुकाने घरी नेतात. परंतु गुलाब घडविणारे हेच क्षार झऱ्यांच्या नळांतही साचतात. ते वेळोवेळी काढले नाहीत, तर पाण्याची वाट बंद होईल. कारंज्याकडे सारे पाहतात. नळ स्वच्छ करणाऱ्या हातांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

२०२१ साली युनेस्कोने युरोपातील अकरा आरोग्यनगरांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत कार्लोवी वारीही आहे. झरा ही निसर्गाची देणगी खरी. पण पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी निष्ठेने राखण केली, म्हणूनच ती आजच्या प्रवाशाच्या पेल्यापर्यंत पोहोचली.