हातचा

वर्षश्राद्धाच्या दिवशी दाजींनी ताईची डायरी आणून अण्णांच्या मांडीवर ठेवली. विमा एजंट फुकट वाटतो तसली, रेक्झिनच्या पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर पट्टीनं मारलेली उभी रेघ. डावीकडे 'घर', उजवीकडे 'शाळा'.

अण्णा मे २००६ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि जूनमध्ये ताई माण तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झाली. मानधन महिना ३००० रुपये, तीन वर्षं. बापाची पेन्शन लेकीच्या कमाईच्या दुपटीहून जास्त. अण्णा त्यावरून तिला चिडवायचे, पण पहिल्या तारखेला ती घरी आली की तिच्या पर्समध्ये गुपचूप नोट सारायचे. तिला ते कळायचं. त्या काळात आमच्या मागच्या खोलीचं बांधकाम चालू होतं, आणि गवंडी तिच्याहून जास्त मिळवत होता. आजी तर तोंडावर म्हणायची, "शाळा शिकून काय दिवा लावला?" डी.एड.ला नंबर लागला तेव्हा हीच आजी गल्लीभर पेढे वाटत फिरली होती.

मानधनातून दहिवडीच्या खोलीचं भाडं जायचं, एसटी जायची, आणि माझी कॉलेजची फी जायची. हे तिसरं मी फार उशिरा नीट मोजलं.

पुढं ती कायम झाली, सहावा वेतन आयोग आला. शिक्षकांना काय कमी, असं लोक म्हणतात. कायम झाल्यावरचा पगार वाईट नव्हता, हे मीही मान्य करतो. पण पहिल्या तीन वर्षांची उसनवारी फेडायला तिनं पतसंस्थेचं कर्ज काढलं, ते फिटायच्या आत घराचं काढलं. तिची पगारस्लिप मी एकदा पाहिली होती. वरचा आकडा भरदार, मग खाली खाली कपाती, आणि हातात येणारा आकडा कसा अंग चोरून बसलेला.

शिवाय पेन्शन नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. ताई सात महिन्यांनी चुकली. १९७७-७८चा ५४ दिवसांचा संप अण्णांनी केला होता, केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून. आमची आई ते दिवस सांगायची ते आमटीत किती पाणी होतं यावरून. लढून मिळवलेलं आपल्याच लेकीपर्यंत पोचलं नाही, हे त्यांना फार लागलं. २०१८ मध्ये ताई गेली. तिच्या पगारातून पेन्शनसाठी कापलेल्या वर्गणीचा हिशेब मिळवायला दाजींनी किती हेलपाटे घातले, ते सांगत बसत नाही.

तर ती डायरी. 'शाळा' या बाजूला : कोथिंबीर १०, तेल, मिरची पूड, खडू, केरसुणी २, अमुक पोराची चप्पल. शाळा दोनशिक्षकी, मुख्याध्यापकाचं काम तिच्याकडेच. पोषण आहाराचा तांदूळ सरकारकडून यायचा. भाजी-तेलाचे पैसे मागाहून जमा व्हायचे, म्हणजे तोवर तिनं घालायचे. प्रत्येक पानाखाली 'येणे' लिहून आकडा. आले की काट मारलेली. चपलेपुढे मात्र 'येणे' नव्हतं.

शेवटच्या पानावर 'येणे ११४०'. काट नाही.

अण्णांनी चष्मा लावला, खिशातलं लाल पेन काढलं आणि पहिल्या पानापासून बेरजा तपासायला लागले. वह्या तपासायचे तसेच. ओठ हलताहेत, बरोबर आलं की बारीकशी खूण. जेवणाची पानं मांडली, नैवेद्य झाला, कावळ्यालाही घास ठेवून झाला. कुणी त्यांना हाक मारली नाही. दुपार कलताना ते शेवटच्या पानाशी आले. थांबले. पुन्हा खालून वर मोजलं.

"हातचा विसरली," ते म्हणाले. "बाराशे चाळीस पाहिजेत."

आणि त्यांनी तिच्या आकड्याभोवती लाल गोल काढला. ती दुसरीत असताना काढायचे, तेवढाच मोठा.