सर्किट माझं, सातबारा कोणाचा?

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात बोर अभयारण्याच्या भोवतालच्या शिवारात रानडुकरं आणि रोही एका रात्रीत उभं पीक लोळवतात. त्यामुळे इथं झटका मशीनला मागणी. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. या मशीन जुळवून विकायचा आणि दुरुस्त करायचा माझा छोटा उद्योग आहे. 12 व्होल्टच्या बॅटरीवरून कुंपणाच्या तारेत थांबून थांबून क्षणभराचा झटका जातो. जनावर बिचकतं, मरत नाही. घरची लाईन थेट कुंपणात सोडली तर माणूस जातो. हे सगळं मी गिऱ्हाइकाला समजावते, आणि तो माझ्या नवऱ्याकडे वळून विचारतो, "साहेब, ग्यारंटी किती?" नवरा शिक्षक आहे. "हिलाच विचारा," हे सांगून तोही थकला.

शेतकऱ्यांचं मी मनाला लावून घेत नाही. मशीन एक हंगाम चालली की तेच फोन करतात, "ताई, लाईट लुकलुकते पण तार मारत नाही." मी म्हणते, दादा, अर्थिंगजवळची माती कोरडी पडली असेल, पाणी घाला. काम दिसलं की विश्वास बसतो.

कर्जासाठी बँकेत गेले, तर तिथं काम पाहतच नाहीत. सूक्ष्म उद्योगाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका, असं रिझर्व्ह बँकेनं 2010 मध्येच बजावलं आहे. मी ते परिपत्रक पुढे ठेवलं. उत्तर आलं, "ते ठीक, पण सातबारा कोणाच्या नावे? मिस्टरांना घेऊन या."

सासरचं घर सासऱ्यांच्या नावे, माहेरचं शेत भावांच्या. 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला; आमच्याकडे मात्र बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची आणि साडीचोळी घेऊन परतायचं.

याच जिल्ह्यात, देवळी तालुक्यातल्या कवठा झोपडीत, बचतगटाच्या बाया आयआयटी मुंबईच्या मदतीनं सोलर पॅनल बनवायला शिकल्या. त्यांची ओळख सांगताना सगळे सोल्डरिंगचं कौतुक करतात. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की कारखाना त्यांच्याच सहकारी संस्थेचा आहे. कागदावर नाव बायांचं.

राज्य सरकारनं 2024 मध्ये अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं महिला स्टार्टअप योजना आणली: 1 ते 25 लाखांचं साहाय्य, अट निम्म्याहून अधिक मालकी बाईची. योजना चांगलीच आहे. पण तिला आधीच 10 लाखांची वार्षिक उलाढाल लागते, आणि तिथवर पोचायचं भांडवल पुन्हा त्याच बँकेच्या टेबलावरून येतं, जिथं सातबारा विचारतात.

म्हणून वर्धेतल्या माझ्या बहिणींना कळकळीनं सांगते, हक्कसोडपत्र समोर आलं तर तिथल्या तिथं सही करू नका. कागद घरी न्या, वकिलाला दाखवा. आणि भावांनो, तो कागद तुम्ही पुढे करूच नका.